जावयाच्या भरवशावरचा संगणक

मी शंकरलिंगम अण्णाचींच्या छापखान्यातला जुना संगणक बोलतोय. खरं तर मला बोलायला तोंड नाही. गोदामाच्या कोपऱ्यात, कातरणांच्या पोत्यांआड मला ठेवलंय, ते एका अर्थी बरंच झालं. कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. पण उद्या भंगारवाला येणार आहे. सगळं पोटात ठेवूनच गेलो तर ती आणखी एक लबाडी होईल.

माझा जन्म मदुरैच्या एका दुकानातला. पंखा कुणाचा, डिस्क कुणाची, माझं मलाच ठाऊक नाही. इकडचं तिकडचं जुळवून मला उभा केला आणि अण्णाचींनी टॉवेलात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन शिवकाशीला आणला. पहिल्या दिवशी माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, त्यावर चंदन-कुंकू लावलं. कापूर इतका जवळ ओवाळला की अर्धा धूर मीच आत ओढून घेतला. एवढा मान मिळाल्यावर कुणालाही वाटेल, आपण मोठे झालो. मलाही वाटलं.

आमच्या गल्लीत फटाक्यांच्या दारूचा वास कमी आणि शाईचा जास्त. अण्णाची कॅलेंडरं छापतात. वर पुठ्ठ्यावर देव, खाली दुकानाचं नाव, मध्ये रोज फाडायच्या तारखांचा गठ्ठा. मोरावरचा मुरुगन, कमळातली लक्ष्मी, वेळांकण्णीची माता, मक्केची मशीद, सगळे माझ्या पोटात शेजारी शेजारी राहायचे आणि कधी भांडले नाहीत. ते सजवायचं काम तिलकवतीचं. ती स्वतःच्या लग्नाआधीपासून याच खुर्चीवर बसते. कुठल्या सराफाला लक्ष्मीच्या हातातून मोहरा पडताना हव्यात आणि कुणाला नकोत, हे तिला पाठ होतं. पण चित्रं होती ती माझ्याकडे, फक्त माझ्याकडे. दुसरीकडे कुठेही त्यांची प्रत नव्हती.

पूर्वी मला बघायला गावातलाच एक माणूस यायचा. वर्षाचे पैसे ठरलेले. अण्णाचींची मुलगी वडिवु हिचं लग्न झालं आणि त्याचं येणं बंद झालं. कारण नवा जावई गुणशीलन, तिरुनेलवेलीच्या एका कंपनीत कंप्युटरवर काम करणारा. अण्णाचींनी भर मांडवात सगळ्या कागदवाल्यांसमोर सांगून टाकलं, "आता आमच्या प्रेसचा कंप्युटर माप्पिळ्ळै सांभाळणार. घरात जावई असताना बाहेर कशाला पैसे ओतायचे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. गुणशीलननेही डोलावली. गळ्यात हार असताना नाही कसं म्हणणार?

तो करायचा काय, तर बँकेचं मोबाइलवर चालणारं काम कुठे अडखळतं ते बटणं दाबून शोधायचा. माझ्या पोटातल्या दुखण्याशी त्याचा संबंध तेवढाच, जेवढा बसच्या कंडक्टरचा इंजिनाशी. पण अण्णाचींच्या लेखी कंप्युटर म्हणजे कंप्युटर.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी पहिल्यांदा अडकलो. तिरुनेलवेलीला फोन गेला. गुणशीलन वडिवुला घेऊन गाडी करून आला. अण्णाची दारापर्यंत गेले. "या, माप्पिळ्ळै, या! आधी हातपाय धुवा. कंप्युटर कुठे पळून जातोय?" सासूबाई जेयकनींनी सकाळीच बोकडाचं मटण आणून ठेवलं होतं. सुक्कं, रस्सा, आयिरै मासळीचं कालवण, वर श्रीविल्लिपुत्तूरचा गोड पालकोवा. केळीचं पान पुरेना. जेवण उरकल्यावर जावईबापू माझ्यापुढे बसले, दार लावून घेतलं, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अरे बाबा, मला यातलं काही कळत नाही. आज तेवढा चालू हो."

त्याने मला बंद केलं, परत चालू केलं. मी चालू झालो. का झालो, मलाही माहीत नाही. बाहेर अण्णाची सगळ्या कामगारांना सांगत सुटले, "बघा! हात लावला आणि चालू! असा जावई मिळायला पुण्य लागतं." निघताना जावयाला जरीकाठी वेष्टी नेसायला दिली, मला नारळ फोडला. दोघंही खाली मान घालून उभे होतो. त्याची मान दिसत तरी होती.

दुसऱ्या वेळेला बंद-चालू करून भागलं नाही. घामाघूम झालेल्या गुणशीलनने खिशातून फोन काढला आणि मदुरैच्या एका कंपनीला लावला. छोट्या छोट्या धंद्यांचे संगणक दुरून दुरुस्त करून देणारी ती कंपनी. पलीकडून रोझलिन नावाची बाई बोलली. तिने सांगितलेली दोन बटणं त्याने दाबली, आणि माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. माऊस जागेवर, बाण मदुरैहून चाललेला. तेवढ्यात जेयकनी कॉफी घेऊन आत आल्या. गुणशीलनने झटकन माऊसवर हात ठेवला आणि उगाच इकडेतिकडे हलवू लागला.

"किती भरभर चालतो हो हात तुमचा!" त्या कौतुकाने म्हणाल्या.

"सवय आहे, अत्तै," तो सासूबाईंना म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. माझा पंखाही जोरात फिरायला लागला.

त्या दिवसापासून हे असंच चाललं. मी अडकायचो, गाडी यायची, बोकड पडायचा, दार लागायचं आणि रोझलिन मला बरं करायची. पैसे गुणशीलन आपल्या खिशातून भरायचा, दर वेळचे वेगळे. असे सुटे दर सगळ्यात महाग पडतात. रोझलिननेच त्याला एकदा बजावलं.

"सर, तुम्ही दर वेळेला सुटे पैसे भरता. त्यात आम्ही फक्त दुखतं तिथे हात लावतो. महिन्याचा करार करा. मग न दुखताही आमचं लक्ष राहील. या मशीनचा बॅकअप कुठे आहे?"

"नाही बहुतेक."

"बहुतेक? सर, डिस्क जुनी आहे. एक दिवस सगळं जाईल. मालकांना सांगा ना."

"मालक माझे सासरे आहेत," गुणशीलन म्हणाला.

"मग तर सोपं."

"तुमचं लग्न झालंय का?"

"नाही, सर."

"म्हणून सोपं वाटतं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी हे सगळं ऐकत होतो. सुट्टीच्या दिवशी जादा पाळ्या करून तो हे पैसे उभे करतो, हेही मला ठाऊक होतं, कारण वडिवुशी फोनवर बोलताना तो ते माझ्यासमोरच बोलायचा. नव्या नवरीला रविवारी घरात मागे ठेवून हा माणूस माझ्या औषधपाण्याचे पैसे कमवायचा. आणि मी? मी थोडे दिवस नीट चालून पुन्हा मान टाकायचो. लाज वाटायची हो.

इकडे जेयकनींचाही जीव मेटाकुटीला आला होता. एकदा जावई गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तो पूर्वीचा माणूस नुसती कॉफी पिऊन जायचा."

"त्याला पैसे द्यायला लागायचे. हे फुकट आहे."

"फुकट? गाडीभाडं कोण देतं? बोकड काय झाडाला लागतो? आणि त्यांची वाट बघत मशीन बंद राहतं, ते?"

"हळू बोल! मुलीच्या सासरी कळलं तर काय म्हणतील? जावयाच्या कामात खोट काढली म्हणतील. उद्या बाहेरचा माणूस बोलावला तर विहीणबाई वडिवुला विचारतील, आमचा मुलगा पुरला नाही का तुमच्या बापाला? मग तिने काय सांगायचं?"

जेयकनी खरकटी पानं उचलायला लागल्या. एरवी अण्णाची कागदाच्या एजंटाला, शाईवाल्याला, मशीनच्या मेस्त्रीला तोंडावर सुनावणारे. पण जावयाला "अजून अडकतोय हो" एवढं म्हणायची त्यांची हिंमत नव्हती.

याचा सगळ्यात वाईट परिणाम झाला तो तिलकवतीवर. पावसाच्या सुमारास माझ्या डिस्कमधून टक टक असा आवाज येऊ लागला. तिने तो ऐकला. फाइल उघडायला वेळ लागतोय हेही तिला दिसत होतं. पण ती बोलली नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणाली, "सांगितलं की बोकड कापावा लागतो. मालकीणबाई बिचाऱ्या चुलीपुढे मरतात. चालतंय तोवर चालू दे." ती आवाज झाकायला रेडिओ लावायची. मीही होईल तेवढा हळू टकटकायचो. आजार लपवण्यात मी तिला सामील होतो.

मग आडी, म्हणजे आषाढ-श्रावणाच्या सुमाराचा तमिळ महिना लागला. हा महिना आमच्या धंद्याचा जीव. आडीच्या अठराव्या दिवशी सगळे छापखाने पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांचा अल्बम पूजा करून बाहेर काढतात. गावोगावचे व्यापारी अल्बम चाळतात, देव निवडतात, ऑर्डर देतात. त्यावर वर्ष निघतं. आणि हाच महिना नव्या जोडप्याला वेगळं ठेवायचा. वडिवु पहिल्या आडीसाठी माहेरी आली होती. आडीच्या जेवणाचा मान झाला की जावयाने महिना सरेपर्यंत सासरच्या दारात पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर गल्ली हसते, "काय, करमत नाही वाटतं?"

आणि नेमका याच महिन्यात मी मेलो. मारियम्मन देवीच्या देवळात कूळ, म्हणजे आंबील, वाटत होते, लाउडस्पीकरवर गाणी लागली होती. तिलकवती लक्ष्मीच्या साडीचा रंग बदलत होती. माझ्या पोटात खर्रकन आवाज झाला आणि पडदा काळा पडला. तिने मला बंद केलं, चालू केलं, देवाचं नाव घेतलं, थोपटलं. काही नाही. ती तशीच धावत बाहेर गेली. "अण्णाची! अल्बम!"

अण्णाची आले, जेयकनी आल्या. कुणालाच काही सुचेना. जावयाला बोलवावं तर आडी. नाही बोलवावं तर अल्बम गेला. शेवटी अण्णाचींनी कुणाला तरी विचारून मदुरैच्या एका कंपनीचा नंबर मिळवला. "वडिवुला कळू देऊ नका," त्यांनी बजावलं आणि फोन लावून माझ्यासमोरच टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. माझा पडदा काळा होता, पण कान शाबूत होते. पलीकडचा आवाज ओळखून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"महिन्याचे किती घ्याल?" अण्णाचींनी पहिलं हेच विचारलं.

रोझलिनने आकडा सांगितला.

"एवढे? आमचा जावई फुकट करतो!"

"मग त्यांनाच विचारा ना, सर. कुठून बोलताय तुम्ही?"

अण्णाचींनी छापखान्याचं नाव सांगितलं. ती गोंधळून म्हणाली, "कॅलेंडरवाला? तिलकवती मॅडमच्या टेबलावरचं मशीन? अहो, ते तर आमच्याकडेच आहे. दर वेळेला आम्हीच दुरुस्त करतो. गुणशीलन सर पैसे भरतात. सर, तुम्हाला माहीत नाही?"

लाउडस्पीकरवरचं अम्मनचं गाणं तेवढं ऐकू येत होतं. अण्णाचींनी आधार शोधावा तसा माझ्यावर हात ठेवला. मागे दारात वडिवु उभी होती. ती कधी आली कुणास ठाऊक.

"तुला माहीत होतं?" अण्णाचींनी विचारलं.

"हो, अप्पा."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? तुम्ही मांडवात सगळ्यांना सांगितलंत. ते मला म्हणाले, मामांचा शब्द खाली पडायला नको. रविवारी कामाला जातात. सासूबाईंना वाटतं, माझ्याशी पटत नाही म्हणून घराबाहेर राहतात." आणि ती रडायला लागली. "तुमच्या त्या कंप्युटरपायी माझी सासू मला रोज बोलते."

त्या कंप्युटरपायी. म्हणजे माझ्यापायी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

रोझलिन पहिल्या बसने स्वतः आली. उंच, सडसडीत, चष्मा लावणारी. तिने माझी डिस्क काढली आणि रुमालात गुंडाळून मदुरैला नेली. वाचवण्यासारखं होतं ते घेऊन परत आली. तारखांचे गठ्ठे वाचले. मुरुगन वाचला, वेळांकण्णीची माता वाचली. लक्ष्मी सगळ्या गेल्या. आंध्रातल्या सराफांसाठी तिलकवतीने खपून केलेले पुठ्ठे गेले. तिलकवती डोळे पुशीत पुन्हा पहिल्यापासून बसली. पण वर्षांचं काम चार दिवसांत कसं व्हायचं?

"जावयांना बोलवा," अण्णाची म्हणाले.

"आडीत?" जेयकनी दचकल्या.

"आडीतच."

गुणशीलन भरदिवसा गल्लीतून आला. लोकांनी बघायचं ते बघितलं, हसायचं ते हसले. दारातच तो म्हणाला, "मामा, मला यातलं काही कळत नाही. पहिल्यापासून कळत नव्हतं."

सगळं मोकळं व्हायची हीच वेळ होती. पण अण्णाची चटकन पुढे झाले. "असू द्या, असू द्या, माप्पिळ्ळै. प्रवासातून आलात. आधी जेवून घ्या." आणि जेयकनींनी, काय सांगू तुम्हाला, सवयीने बोकडच शिजवला होता! पानावर घास चिवडत तो बसला. त्याला कुणी एका शब्दानेही दोष दिला नाही. ते मऊ बोलणं त्याला किती बोचत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

अठराव्या दिवशी पूजा झाली. शेजारच्या छापखान्याचे अल्बम उशीएवढे जाड. आमचा लग्नपत्रिकेएवढा. वर्षानुवर्षांचे व्यापारी आले, चाळला, "छान आहे, अण्णाची," म्हणाले, कॉफी प्यायले आणि शेजारी गेले. आंध्राचे सराफ तर खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत. अण्णाची हात जोडून दारात उभे होते. त्या एका दिवसात किती गेलं, याचा हिशोब मी सांगत नाही. महिन्याच्या कराराला ते महाग म्हणत होते, एवढंच सांगतो.

करार मग झालाच, अण्णाचींच्या स्वतःच्या नावाने. माझ्या जागी नवा संगणक आला. मला खाली जमिनीवर ठेवलं. गुणशीलन त्या दिवशी होता. नव्या मशीनचं काहीतरी जोडायला कंपनीचा माणूस सकाळी यायचा होता. दुपार झाली तरी त्याचा पत्ता नाही. अण्णाचींनी फोन उचलला.

आणि सुटले की! "पैसे मोजून घेता ना? मग माणूस कुठाय? माझी मशीन बंद, माणसं बसून! धंदा म्हणजे खेळ वाटला काय तुम्हाला? एक नाही, दोन नाही, किती वेळा तोच बिघाड! जमत नसेल तर जमत नाही म्हणून सांगा, मला तोंडावर पाडू नका!" रोझलिन बिचारी पलीकडून "हो सर, पाठवते सर," म्हणत होती. वर्षभर साठलेलं भडाभडा बाहेर पडत होतं. त्यातलं निम्मं तर तिच्या कंपनीला लागूही नव्हतं.

अण्णाचींनी फोन ठेवला. घाम पुसला. चेहरा कसा हलका झाला होता.

गुणशीलन भिंतीशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "मामा, हे सगळं तुम्हाला मला बोलायचं होतं ना?"

अण्णाचींनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "हो."

"मग बोला ना."

"बोलू?"

"बोला, मामा."

आणि शिवकाशीत कुणी ऐकलं नसेल ते त्या दिवशी घडलं. सासरा जावयावर ओरडला. तोंड भरून ओरडला. "गाढवा, एक शब्द सांगायला काय झालं होतं तुला? माझी पोर तिकडे बोलणी खात होती! आणि मी तरी केवढा मूर्ख! भर मांडवात ढोल वाजवला!" पहिल्यांदा 'तुम्ही'चा 'तू' झाला. मशीनवरचे कामगार थांबून ऐकत होते. जेयकनी धावत आल्या आणि दारातच थबकल्या, कारण जावई रडतही होता आणि हसतही होता. वडिवुने पदराने डोळे पुसले आणि ती दोघांसाठी ताक आणायला आत गेली. त्या दुपारी त्या दोघांनी ताकभात खाल्ला, एकमेकांशेजारी मांडी घालून. गुणशीलनने दोनदा भात मागून घेतला.

माझी गोष्ट एवढीच. धंदेवाल्यांनो, फुकटच्या मदतीपुढे तोंड बंद ठेवावं लागतं, आणि त्या बंद तोंडाची किंमत कुणाला तरी भरावी लागते. ज्याला कामाचे पैसे देता, त्याला चूक दाखवता तरी येते. आपल्या माणसाला आपलं माणूसच राहू द्या.

आज जेयकनींनी मला शेवटचं पुसलं, कुंकवाचं बोट लावलं. म्हणाल्या, "बिचाऱ्याने खूप वर्षं काम केलं." तिलकवतीनेही जाता जाता हात जोडले. अण्णाची, रोझलिन, जावई, सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या वाटचं बोलून झालं, ऐकून झालं. मला मात्र अजून कुणी एक शब्द बोललं नाही. उद्या भंगारवाला येण्याआधी कुणीतरी येऊन मला चांगलं ओरडेल का?